दवाखान्यातून सुट्टी झाल्यावर औषधांचा घोळ टाळायचा कसा? पहिल्या गोळीआधी करायची कामं

माझं औषधांचं दुकान नागपुरात, महाल भागात आहे. धंतोली-रामदासपेठेतल्या दवाखान्यांतून किंवा मेडिकल-मेयो या सरकारी दवाखान्यांतून सुट्टी झालेल्या पेशंटच्या चिठ्ठ्या रोज काउंटरवर येतात. गेल्या उन्हाळ्यात एक मुलगा वडिलांची औषधं घेऊन गेला आणि चौथ्या दिवशी परत आला. बाबूजी पलंगावरून उठले की डोळ्यांपुढे अंधारी येते, काल न्हाणीघरात पडता पडता वाचले. त्याला म्हटलं, घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आण. पिशवी उलटी केली तर दोन पट्ट्या निघाल्या. नावं वेगळी, रंग वेगळे, कंपन्या वेगळ्या. आत मात्र एकच औषध, बीपीचं टेल्मिसार्टन ४०. एक भरती होण्याआधीपासून सुरू होती, दुसरी सुट्टीच्या कार्डावर लिहिलेली. "दोन्ही डॉक्टरनंच लिहून देल्ल्या न भाऊ," तो म्हणाला, आणि ते खरंच होतं. नवी लिहिणाऱ्याला घरात जुनी आहे हे माहीत नव्हतं, आणि जुनी बंद करा असं घरच्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

असे घोळ बहुतेक सुट्टीनंतरच्या पहिल्या दोन-चार दिवसांत होतात, आणि त्याला कारण कामाचा क्रम. घरोघरी आधी औषधं आणतात, मग डबी भरतात, मग सुरू करतात. काही बिघडलं की मग कार्ड वाचायला घेतात. खालचा क्रम पाळा. पहिल्या दिवशी दीड-दोन तास जातील, ते जाऊ द्या.

१. वॉर्ड सोडण्याआधी

सुट्टीच्या दिवशी मुलगा बिलाच्या रांगेत असतो, सून सामान आवरत असते, आणि सिस्टर औषधं समजावते ती पलंगाशेजारी बसलेल्या आत्याबाईंना. घरी गोळ्या देणार असते सून! म्हणून पहिलं काम हे: घरी औषध देणारा माणूसच समजून घ्यायला हजर पाहिजे. बिल दहा मिनिटं थांबू शकतं.

भरती होण्याआधी चालू असलेल्या पट्ट्या घरून मागवून ठेवा आणि त्या हातात घेऊनच विचारा:

- यातलं काय चालू ठेवायचं, काय बंद, कशाचा डोस बदलला?
- नवं प्रत्येक औषध कशासाठी आणि किती दिवस?
- आज वॉर्डात काय काय देऊन झालं, किती वाजता?
- शंका आली तर फोन कुठल्या नंबरवर करायचा?

तिसरा प्रश्न हमखास राहून जातो. चार वाजता सुट्टी होते, रात्रीचं इंजेक्शन सिस्टरने दुपारीच उरकलेलं असतं, आणि घरी पोचल्यावर तेच पुन्हा दिलं जातं. रक्त पातळ करणाऱ्या औषधांत आणि इन्सुलिनमध्ये ही चूक महागात पडते.

कार्डावरच्या खुणा तिथेच उलगडून घ्या. ओडी म्हणजे दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना, एसी जेवणाआधी, पीसी जेवणानंतर. एसओएस म्हणजे गरज पडली तरच. एसओएस लिहिलं असेल तर आणखी दोन गोष्टी विचारा: दोन डोसांत किती तासांचं अंतर, आणि दिवसात जास्तीत जास्त किती?

गोंदिया, भंडारा, यवतमाळ किंवा पलीकडे बालाघाट-छिंदवाड्याहून आलेल्यांनी घटकाचं, म्हणजे आतल्या मूळ औषधाचं, नाव मोठ्या सुट्या अक्षरांत लिहून मागावं. नागपुरात मिळालेली कंपनी गावातल्या दुकानात असेलच असं नाही. असं मागण्यात संकोच नको. औषधाचं मूळ नाव वाचता येईल असं, शक्यतो कॅपिटल अक्षरांत लिहावं, हे डॉक्टरांच्या आचारनियमांत २०१६ पासून आहे.

> तपासा: पेशंटला कशाची अॅलर्जी आहे ते कार्डावर लिहिलंय का? पेनिसिलिन, सल्फा, वेदनाशामक, जे असेल ते. नसेल तर तिथेच लिहून घ्या.

२. घरी आल्यावर: सगळं एका परातीत

अजून कुणालाही गोळी द्यायची नाही. मोठी परात घ्या आणि घरातली सगळी औषधं तीत ओता. फ्रिजवरची, देव्हाऱ्यामागची, उशाखालची, पर्समधली, फ्रिजच्या दारातलीसुद्धा. गोळ्यांसोबत डोळ्यांचे थेंब, दम्याचे पंप, मलम, वैद्यांचं चूर्ण, गुडघ्यांसाठी कुणीतरी आणून दिलेल्या बिननावाच्या पुड्या, सगळंच. "ते आयुर्वेदिक आहे, त्याचं काय" म्हणून बाजूला ठेवू नका. सांधेदुखीच्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं, आणि ते एकदम सोडलं तर पेशंट ढेपाळतो.

मुदत संपलेलं बाजूला काढा. अर्धवट कापलेल्या ज्या पट्टीवर नावही दिसत नाही आणि तारीखही नाही, तीही काढा. "बहुतेक अॅसिडिटीची असेल" या भरवशावर गोळी कुणाच्या पोटात जाऊ देऊ नका.

३. यादी: नाव कंपनीचं नाही, घटकाचं

सगळ्यांत महत्त्वाची पायरी हीच, आणि लोक टाळतात तीही हीच.

पट्टीवर ठळक अक्षरांत छापलेलं असतं ते कंपनीने ठेवलेलं नाव. औषधाचं खरं नाव अनेकदा त्याच्या आसपास बारीक अक्षरांत असतं, मिलिग्रॅमच्या आकड्यासोबत. डोळ्यांना दिसत नसेल तर मोबाइलने फोटो काढून मोठा करून बघा. जास्त खपाच्या ३०० ब्रँडच्या वेष्टनावर १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोड सक्तीचा आहे. तो स्कॅन केला की घटकाचं नाव, बॅच आणि मुदत कळते.

एका कोऱ्या कागदावर रकाने आखा: घटक आणि ताकद, पट्टीवरचं नाव, कशासाठी, सकाळ-दुपार-रात्र, जेवणाआधी की नंतर, कधीपर्यंत. मग परातीतली एकेक पट्टी उचलून कार्डाशी ताडून बघा आणि तीन ढीग करा.

*चालू:* कार्डावर आहे, ताकदही तीच.
*बंद:* कार्डावर स्पष्ट बंद लिहिलंय, किंवा तोच घटक नव्या नावाने आलाय.
*विचारायचं:* घरात आहे पण कार्डावर त्याचा उल्लेखच नाही.

तिसऱ्या ढिगात गडबड होते. कार्डावर नाही म्हणजे बंद, असं काही घरं धरून चालतात. काही घरं धरतात की नाही म्हटलं नाही म्हणजे चालूच. दोन्ही अंदाजच. हृदयाच्या ऑपरेशनसाठी भरती झालेल्या बाईंची थायरॉइडची गोळी कार्डावर लिहायची राहून जाऊ शकते. फोन करून विचारा. मिरगीची, थायरॉइडची, स्टेरॉइडची गोळी किंवा स्टेंट टाकल्यानंतरची रक्त पातळ करणारी गोळी अंदाजाने बंद करू नका.

नावामागची शेपटीही घटकच असते. बीपीच्या गोळीच्या नावापुढे एएम असेल तर आत बहुधा अॅम्लोडिपिनही असतं, एच असेल तर हायड्रोक्लोरोथायझाइड, म्हणजे लघवीवाटे पाणी काढणारं औषध. साधी गोळी लिहिलेली असताना एएमवाली आली, आणि घरात अॅम्लोडिपिनची वेगळी पट्टी आधीच असली, की डोस दुप्पट झाला. पॅरासिटॅमॉलचंही तसंच. तापाची ६५०ची गोळी, सर्दीची गोळी आणि अंगदुखीची गोळी, तिन्हींत ते असू शकतं.

आता एक आपल्याकडची अडचण. यादी मराठी आकड्यांत लिहायची की इंग्रजी? काहीही चालेल, पण एकाच लिपीत. घाईत लिहिलेला मराठी १ हा इंग्रजी ९ सारखा दिसतो आणि मराठी ४ इंग्रजी ८ सारखा. आजोबांनी लिहिलेलं नातू वाचतो तेव्हा एकाच्या नऊ गोळ्या होणार नाहीत, कारण तेवढी अक्कल त्याला असते. इन्सुलिनच्या १४ युनिटांचे १८ मात्र सहज होतात. म्हणून आकड्यापुढे अक्षरी लिहा: १४ (चौदा) युनिट. 'युनिट' शब्दही पूर्ण लिहा, कारण आकड्याला चिकटलेलं इंग्रजी यू शून्यासारखं दिसतं आणि दहाचे शंभर होतात.

> थांबा: तिसरा ढीग रिकामा झाल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. फोन लागत नसेल आणि डोसाची वेळ झाली असेल तर 'चालू' ढिगातलं द्या, 'विचारायचं' ढिगातल्यासाठी फोन करत राहा. तो लागेना तर जवळच्या डॉक्टरांकडे यादी घेऊन जा.

४. दुकानातून औषध घेताना

नागपुरात "मेडिकलमध्ये जाऊन ये" म्हटलं तर माणूस कोपऱ्यावरच्या दुकानात जाईल की हनुमाननगरच्या सरकारी दवाखान्यात, हे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखावं लागतं. इथे मी दुकानाबद्दल बोलतोय.

पिशवी हातात पडली की काउंटरवरच उघडा. यादी समोर धरा आणि घटक, मिलिग्रॅम, मुदत मोठ्याने वाचा. मागे रांग असली तरी वाचा. आमचे हातही चुकतात, संध्याकाळी सात वाजता जास्तच. क्लोबाझाम आणि क्लोनाझेपाम, ग्लिमेपिराइड आणि ग्लिक्लाझाइड, खाजेचं हायड्रॉक्सिझिन आणि बीपीचं हायड्रॅलॅझिन ही नावं गिचमिड अक्षरात एकमेकांसारखीच दिसतात. त्यात 'कशासाठी' हा यादीतला रकाना कामी येतो. खाजेसाठी आणलेली गोळी बीपीची निघाली तर तिथेच कळतं.

कंपनी बदलून मिळाली किंवा जनऔषधीतून घेतली तरी हरकत नाही. घटक, ताकद आणि प्रकार जुळला पाहिजे. प्रकार म्हणजे साधी गोळी की हळूहळू विरघळणारी. नावापुढे एसआर, एक्सआर, ईआर, सीआर असं असतं ती दुसरी. अशी गोळी कुटायची नाही. आजीला गिळता येत नाही म्हणून खलबत्त्यात कुटली, तर दिवसभराचा डोस एकदम उतरतो. गिळायला त्रास असेल किंवा नाकातून नळी असेल तर पातळ औषध मागा.

सुट्या गोळ्या घेत असाल तर मुदत छापलेला तुकडा तुमच्याकडे यावा. घरी पट्टी कापतानाही तारखेच्या विरुद्ध टोकापासून सुरुवात करा.

५. डबी भरणे

दिवसा उजेडात, एकाच माणसाने, टीव्ही बंद करून. एक औषध घेऊन आठवडाभराच्या खणांत टाका, ती पट्टी बाजूला ठेवा, मगच दुसरी उचला. शेवटी दुसऱ्या कुणीतरी यादीवरून एका दिवसाचा खण मोजून बघावा.

डबीत टाकू नये असं: गरज पडली तरच घ्यायच्या गोळ्या, जिभेखाली ठेवायची छातीदुखीची गोळी, आणि पंपात घालून ओढायच्या कॅप्सुली. त्या कॅप्सुली दिसायला साध्या कॅप्सुलीसारख्याच असतात आणि लोक पाण्याबरोबर गिळतात. "महिना झाला, दम कमी नाही" अशी तक्रार आली की मी पहिल्यांदा हेच विचारतो: काका, ओढता की गिळता?

आठवड्यातून एकदाच्या गोळ्यांसाठी वेगळी डबी ठेवा. संधिवातासाठी किंवा सोरायसिससाठी दिलेलं मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदा असतं. रोज घेतलं तर रक्तपेशी बनणं मंदावतं, तोंडात फोड येतात, आणि माणूस दगावूही शकतो. त्याच्याबरोबर लिहिलेलं फॉलिक अॅसिडही लहान पिवळ्या गोळीचंच असू शकतं, त्यामुळे अदलाबदल सोपी. यादीत 'आठवड्याला एक' असं लिहू नका. 'फक्त रविवार' लिहा, आणि रविवार सोडून सहा खण चिकटपट्टीने बंद करा. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटांची पुडी किंवा कॅप्सूलही आठवड्याची असते. दुधात घालून रोज देणारी घरं मी पाहिली आहेत, ताकदीचं औषध म्हणून!

६. मोजून द्यायची औषधं

*लेकरांचं तापाचं औषध.* पॅरासिटॅमॉलचे थेंब आणि सिरप एकसारखे नसतात. थेंबांत १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. सिरप कुठे ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५, कुठे २५०. दहा किलोच्या लेकराला एका वेळी जास्तीत जास्त १५० मिलिग्रॅम, म्हणजे थेंब दीड मिलिलिटर, १२५चं सिरप ६ मिलिलिटर, २५०चं ३ मिलिलिटर. मोठ्या भावाच्या वेळी "सहा एमएल द्यायचो" एवढंच आजीच्या लक्षात राहतं आणि घरात असते थेंबांची बाटली. सहा मिलिलिटर थेंब म्हणजे ६०० मिलिग्रॅम, एकदम चार डोस. म्हणून डोस मिलिग्रॅममध्ये विचारा आणि बाटलीवरची ताकद बघून मिलिलिटर काढा. आपला हिशेब दुकानदाराकडून तपासून घ्या. मोजायला बिनसुईची सिरिंज किंवा बाटलीसोबतचं माप वापरा. घरातला चमचा नको.

*पावडरीचं अँटिबायोटिक.* उकळून गार केलेलं पाणी बाटलीवरच्या खुणेच्या थोडं खालपर्यंत घाला, हलवा, फेस बसू द्या, मग खुणेपर्यंत भरा. एकदम खुणेपर्यंत ओतून हलवलं की पातळी खाली जाते आणि औषध दाट राहतं. पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहा. वेष्टनावर लिहिलेल्या दिवसांनंतर उरलेलं फेकून द्या.

*इन्सुलिन.* आपल्याकडे कुपीत बहुतेक ४० ताकदीचं इन्सुलिन मिळतं, म्हणजे १ मिलिलिटरमध्ये ४० युनिट. पेनच्या कार्ट्रिजमध्ये १०० ताकदीचं. सिरिंजही दोन: ४०ची लाल टोपणाची, १००ची नारिंगी टोपणाची. पेन बिघडला म्हणून कार्ट्रिजमधून लाल टोपणाच्या सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं, तर अंगात जातात ५० युनिट. उलट कुपीतलं इन्सुलिन नारिंगी सिरिंजने २०च्या रेघेपर्यंत ओढलं तर जातात आठच. कार्ट्रिजमधून सिरिंजने कधीच ओढू नका. पेन बिघडला तर नवा पेन आणा.

पेन वापरताना नवी सुई लावून आधी २ युनिट हवेत सोडून बघा. टोचल्यावर दहा आकडे मोजा, मग सुई काढा. दुधासारखं गढूळ इन्सुलिन तळहातांत हळू दहा वेळा फिरवून घ्या, जोरात हलवू नका. दोन प्रकारचे पेन असतील तर जेवणाआधीच्या पेनाला रबरबँड बांधा. रात्री दिवे गेले तरी हाताला कळतं.

> तपासा: कुपीवरचा ४० किंवा १०० हा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दर वेळी एकच आहे ना?

७. ऊन, उपवास आणि संत्री

नागपुरात मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. वेष्टनावर ३० अंशांखाली ठेवा असं लिहिलेलं असतं आणि आपण औषध घेऊन बर्डीच्या बाजारात खरेदी करतो, पिशवी दुचाकीच्या डिक्कीत. इन्सुलिन त्यात वाया जातं, वरून बघून कळतही नाही. थर्मासमध्ये आणा, पण थेट बर्फावर ठेवू नका. न उघडलेलं फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत, बर्फाच्या कप्प्यात नाही. फ्रिज नसेल तर एका माठात दुसरं लहान मडकं, मधे ओली वाळू, आणि मडक्यात डब्यात घालून इन्सुलिन. कूलरच्या समोर गोळ्यांची डबी ठेवू नका, दमट हवेने गोळ्या मऊ पडतात.

ऊन लागलं, जुलाब-उलट्या झाल्या, तर बीपीच्या आणि लघवीवाटे पाणी काढणाऱ्या गोळ्यांबद्दल त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा. अशा वेळी अंगदुखीसाठी आपल्या मनाने डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर मूत्रपिंडांवर ताण येतो.

उपवासाचं तसंच. ग्लिमेपिराइडसारखी मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन दिवसभर फक्त चहावर राहिलं की साखर घसरते. चतुर्थी-एकादशीच्या आधीच डोस विचारून घ्या. थायरॉइडची गोळी उपाशीपोटी, नाश्त्याच्या अर्धा ते एक तास आधी. कॅल्शियम-लोह तिच्यापासून चार तास लांब.

आणि संत्र्यांची भीती. काही कोलेस्टेरॉलच्या आणि बीपीच्या गोळ्यांना ग्रेपफ्रूट चालत नाही, याचं भाषांतर होत होत "हार्टवाल्यांनी संत्री खाऊ नये" असं झालंय. ग्रेपफ्रूट म्हणजे आपलं संत्रं नाही. पपनस मात्र त्याचंच नातलग आहे, ते विचारून खा. मूत्रपिंडाचा आजार असेल तर फळांचा हिशेब वेगळा, तो डॉक्टरांकडून घ्या.

८. चूक झालीच तर

डोस चुकला तर पुढच्या वेळी दोन घेऊ नका. काय करायचं ते प्रत्येक औषधाचं निराळं असतं, म्हणून सुट्टीच्या दिवशीच विचारून यादीत लिहा.

जास्त गेलं, दुसऱ्याचं गेलं, तर उलटी करवू नका. रिकामी पट्टी किंवा बाटली सोबत घ्या आणि दवाखाना गाठा. गाडी नसेल तर १०८. पॅरासिटॅमॉल जास्त गेलेलं लेकरू पहिल्या दिवशी खेळतंही, त्यावर विसंबू नका. यकृताचं नुकसान नंतर दिसतं, आणि उतारा वेळेत दिला तरच चांगला लागू पडतो.

रक्तातली साखर ७०च्या खाली, घाम, थरथर: शुद्धीवर असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासणी. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ला फोन करा. मधुमेहाची गोळी दुप्पट गेली असेल तर एकदा वर आलेली साखर काही तासांनी पुन्हा पडू शकते. बरं वाटतंय म्हणून घरी थांबू नका.

औषधाचा विपरीत परिणाम झाला असं वाटलं तर डॉक्टरांना सांगाच, शिवाय १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावरही कळवता येतं. त्याआधी पट्टी फेकू नका, बॅच नंबर लागेल.

यादीच्या तीन प्रती करा: फाइलीत, पेशंटच्या पाकिटात, आणि मोबाइलवर फोटो. वर तारीख घाला. डॉक्टरांनी एक गोळी जरी बदलली तरी जुन्या यादीत खाडाखोड करू नका. नवी लिहा, जुनी फाडा, आणि मोबाइलमधला जुना फोटो आठवणीने काढून टाका. मागच्या महिन्यात एक ताई माझ्या काउंटरवर फोटो दाखवून औषधं मागत होत्या. तारीख दिवाळीची होती.